आठ पायांचा किडा

हेसल रोडच्या सिग्नलला व्हॅन तिसऱ्यांदा बंद पडली.
आत तीन वृद्धाश्रमांच्या चादरी, अजून कोमट,
मागे बस, आणि बसवाल्याचा संयम
मोजून दहा सेकंदांचा.
गावाचं नाव हल,
आणि गाडी काही हलेना.

थंड असली की धावते, तापली की मरते.
अर्धा तास एकटीला बसू दिलं
की काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू.
माझ्या नणंदेचंही असंच,
फक्त तिला धक्का मारून कडेला घ्यावं लागत नाही.

डेस ऑक्स्टबीनं आधी फ्युएल पंप बदलला,
मग क्रँकचा सेन्सर,
मग म्हणाला, आता पैसे देऊ नकोस, मलाच लाज वाटते.
बॅटरीशेजारचा डबा काढला,
पाकपुस्तकाएवढा, ॲल्युमिनियमचा,
बायकोच्या हेअर ड्रायरनं तापवत बसला,
आणि लॅपटॉपवरचे आकडे एकेक करून विझले,
रात्री बाजारपेठ विझते तसे.
पिना हिरव्या पडलेल्या. कळकलेल्या.
कल्हई उडालेल्या पातेल्यात
ताक विसरल्यासारख्या.

इचलकरंजीत माझे वडील जॉबर होते, चोवीस माग त्यांच्याकडे.
धोटा अडला तर ते बघायचे नाहीत, ऐकायचे.
शेडच्या त्या खडखडाटात मान तिरकी करून सांगायचे:
सात नंबर, डावीकडची वादी सैल झालीय.
ऑक्स्टबीही बॉनेटवर वाकतो, मान तशीच तिरकी,
पण त्याच्याशी इंजिन बोलत नाही,
इंजिनाच्या वतीनं डबा बोलतो.
आणि डबाच खोटं बोलत असला तर?
वडिलांनी काय केलं असतं?
विडी पेटवली असती बहुतेक.

नवा घ्यावा तर व्हॅनपेक्षा महाग.
शेवटी स्कंथॉर्पच्या भंगारातून आला, पंच्याऐंशी पौंडांत,
तोच नंबर, तेच वर्ष,
एका फुलवाल्याच्या ठोकरलेल्या गाडीतला.
बसवला. किल्ली फिरवली.
स्टार्टर घरघरला, इंजिन नाही.
डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत राहिला:
कोण तू?
अकरा वर्षं माझ्या कोटाच्या खिशात झिजलेल्या किल्लीला
हे विचारणं.
मला राग नाही आला.
मीही दाराची साखळी लगेच काढत नाही.

मग त्यानं दोन्ही डबे उघडले,
भिंगाखाली, जीभ दातांत धरून,
जुन्यातून उचलला एक काळा किडा,
आठ पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढा.
किल्लीची ओळख म्हणे ह्याच्यात असते.
नव्यात त्याचे पाय डाकून टाकले,
फुलवाल्याचा किडा चहाच्या बशीत.
पहिल्या फटक्यात सुरू.

पण पिवळा दिवा लागला.
लॅपटॉप म्हणाला, क्रँकचा सेन्सर बिघडलाय.
"तो तर तूच बदललास!"
"बदलला. पण ह्याला ते कुठं माहीत?
ह्याला शेवटचं दुखणं तेवढं आठवतंय."
पुसू का, त्यानं विचारलं, बोट बटणावर.
मी म्हणाले, थांब जरा.
का म्हणाले, कोण जाणे.
बाहेर पाऊस नव्हता, वारा होता, हंबरवरचा,
पत्र्याचं शटर एकसारखं थडथडत होतं.
मग म्हणाले, पूस.

फुलवाल्याचा किडा मी मागून घेतला,
काड्यापेटीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला.
त्याची किल्ली असेल कुठल्यातरी ड्रॉवरात,
सेलोटेप आणि सुटे पेन्स ह्यांच्याबरोबर.

सहा आठवडे झाले. एकदाही बंद पडली नाही.
चादरी वेळेवर, कोमट पोचतात.
तरी हेसल रोडच्या त्या सिग्नलला
माझा डावा हात
धोक्याच्या दिव्याच्या बटणाकडे जातो,
अजून,
हिरवा होईपर्यंत तिथंच राहतो.