जास्तीची हवा

रे रोडला, पुलाच्या पोटात, इनास तुस्कानोचं गॅरेज.
माझी तीनशेपन्नास स्टँडवर, टाकी उतरवलेली,
उघड्या डोक्याच्या बाईसारखी अवघडून उभी.
इनास बाकड्यावर दोन वस्तू मांडतो.
एक पिस्टन, तेलकट कागदातला, मूळच्यापेक्षा जाड.
आणि एक टर्बो,
तौफिकने कुर्ल्याच्या भंगारातून उचललेला,
कुठल्याशा डिझेल गाडीचा, नारळाएवढा,
गोगलगायीसारखा स्वतःत वळलेला.

"बोल. हिची छाती वाढवायची,
की तोंडात नळी घालून फुंकायचं?"

मी लिफ्टा दुरुस्त करतो. चौदा वर्षं.
पेटी वर जाते तेव्हा मागच्या भिंतीआड
लोखंडाचे ठोकळे मुकाट खाली येत असतात.
म्हणून विचारलं, खाली काय येईल?

बोअर केलास तर, तो म्हणाला,
सिलिंडर खरडायचा, कॅम बदलायचा,
पोर्ट मी हाताने घासणार, आठ दिवस,
रोज येऊन डोकं खायचं नाही.
अडतीस हजार.
सायनच्या सिग्नलला मांड्या भाजतील.
पण मूठ जेवढी वळेल तेवढं मिळेल,
तागडी धरणाऱ्या वाण्यासारखं,
ना कमी, ना चिमूटभर वर.

आणि हा?
हा नवरदेव स्वस्त, वरात महाग.
तेलाची वेगळी नळी, क्लचच्या प्लेटा,
कॉम्प्रेशन उतरवायचं, नाहीतर पिस्टनला भोक.
मूठ पिळशील, आधी काहीच नाही.
एक. दीड.
म्हणशील, फसवलं इनासने.
मग सगळं एकदम.

त्या दीड सेकंदाने माझी झोप नेली.

रात्री विजेच्या बिलामागे रस्ते लिहून काढले.
सी लिंक, दुचाकीला बंदी.
कोस्टल रोड, बंदी. न्हावा शेवाचा पूल, बंदी.
जे. जे.चा उड्डाणपूलसुद्धा.
जिथे जिथे मूठ सोडून द्यावी असं वाटतं
तिथे तिथे पाटीवर एक मोटारसायकल, तिच्या अंगावर लाल रेघ.
उरला डिमेलो रोड, कंटेनरच्या ढुंगणामागे.
उरलं ॲन्टॉप हिल, तिथे तिसरा गियर टाकला
तर कुत्रीसुद्धा उठत नाहीत.

"मग कशाला?" वैजूने विचारलं.
तिला काही सांगितलं नाही.
वाशीच्या खाडीपुलावर पहाटे एक दूधवाला
दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून
डावीकडून मला मागे टाकून गेला होता,
आणि जाताना त्याने हात केला. प्रेमाने.

शनिवारी इनास म्हणाला, "नेमकं काय हवंय तुला?"
"हवा," मी म्हटलं.
तो हसला नाही. प्लग काढला, भोकात गेज बसवलं,
"मार किक."
पाच मारल्या. सहावी रागाने.
काटा निम्म्यावर चढला आणि तिथेच बसला,
सरकारी कचेरीतल्या माणसासारखा.

"रिंगा गेल्यात. आज नाही, दोन-तीन वर्षांपूर्वीच.
आत येते तीही हवा हिच्या मुठीत राहत नाही,
आणि तू बाहेरून आणखी कोंबायला निघालास.
आधी हिचं हिला दे."
रिंगा, व्हॉल्व्हची घासाई, गॅस्केट. तीन हजार दोनशे.

खरं सांगतो, मला अपमान वाटला.
एवढा मोठा निर्णय छातीशी धरून गेलो होतो,
परत आलो तो किराण्याएवढं बिल घेऊन.

गाडी आता बरी चालते. बरी म्हणजे,
तिच्याबद्दल मी कुणाला काही सांगत नाही.
दूधवाला अजून भेटलेला नाही.
त्याची वेळ बदलली असेल, किंवा माझी.

टर्बो मात्र तौफिककडून आठशेला घेतला.
इनासला माहीत नाही.
पलंगाखाली आहे, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला.
वैजू झोपली की काढतो,
तोंडाजवळ धरतो, हळूच फुंकर मारतो.
आधी काहीच नाही.
मग चाक फिरायला लागतं,
आणि माझा श्वास संपल्यावरही
थोडा वेळ फिरत राहतं.