थोरलं अक्षर

खानापूर. तहसीलदार कचेरीसमोर
चहाच्या टपरीला पाठ लावून माझं दुकान:
एक संगणक, एक प्रिंटर,
काचेखाली दरपत्रक, तीन भाषांत.

गुंजीची शेवंता मोनाप्पा घाडी
पिशवीतून कागद काढते.
आधारवर सगळं कॅपिटल,
पासबुकात फक्त पहिलं अक्षर,
विम्याच्या फॉर्मवर पुतण्याने मोबाईलवरून भरलेलं,
सगळंच बारीक.
क्लार्क म्हणाला, नाव जुळत नाही.
‘म्हंजे मी कोण न्हवंच की गं?’

मी ओळ निवडते. ओळ निळी होते.
शिफ्ट धरून एफ-थ्री:
नाव खाली बसलं.
पुन्हा: पुढचं तेवढं उठलं,
गावसभेत पाटील उठावा तसं.
पुन्हा: सगळीच ताठ,
राष्ट्रगीत लागल्यासारखी.

‘थोरली केलीस की आवाज चढतोय काय?’
‘नाही मावशी. नुसती उंची.’
‘बरं. आपल्यात थोरलं कंचं?’

कुणी विचारलंच नव्हतं हे, अकरा वर्षांत.
मराठी ओळ निवडली.
शिफ्ट, एफ-थ्री. ढिम्म.
तीनदा दाबलं.
एकाच दोरीवर वाळत घातलेली अक्षरं,
वारा नाही.
वरची कन्नड ओळ निवडली,
तीही हलेना,
डोक्यावरचा तुरा सांभाळत गप्प.

‘मग त्यांच्यात बी न्हाई,’
ती म्हणाली, आणि पायातली चप्पल नीट केली.

बोर्डावर कोण वर, कोण खाली,
यावरून माझ्या बापाने दोनदा दुकान बंद ठेवलं होतं.
हे मी तिला सांगितलं नाही.

प्रतिज्ञापत्र टाइप केलं:
वरील तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत.
‘इसम कोण?’
‘तुम्हीच.’
‘मग शेवंता लिही की. इसम कशाला?’
तसा नमुनाच असतो, मी म्हटलं.
नमुना म्हटलं की माणसं गप्प होतात,
ती झाली नाही,
खरं वीस रुपये काढून दिले.

जाताना टोपलीतला चुकलेला कागद मागितला,
बारीक अक्षरांचा.
‘ते रद्द झालंय, मावशी.’
‘असू दे. घरात मी एवढीच असतोय.’
चार घड्या घालून
तंबाखूच्या डबीखाली सरकवला.

तेवढ्यात लाईट गेली, यूपीएस ओरडू लागला.
घाईने फाईल जतन केली,
नाव विचारलं संगणकाने,
मी shevanta लिहिलं,
शिफ्टला हात न लावता.