खोडरबर

अठरा वर्षं जिंतूर आगाराच्या ड्युट्या मी लावल्या,
पेन्सिलीनं.
पेनानं लिहिलं की लिहिणारा अडकतो.
खोडरबर शर्टाच्या डाव्या खिशात,
डॉक्टर नळी लावतात, तिथं.

परभणी शटलसाठी माणसं चहा पाजायची.
पिंपळतांड्याची मुक्कामी गाडी कुणालाच नको,
ती मी दुधाट्याला लावायचो.
त्यानं एकदा चारचौघांत विचारलं होतं,
"सायेब, ही यादी बनती कुठं?"
त्या प्रश्नापायी सात वर्षं
तो बोनेटवर झोपला.

आधीच्या साहेबांच्या दारावर पाटी होती,
परवानगीशिवाय आत येऊ नये.
परवानगी म्हणजे मी.
ते न बघता सही करायचे,
शाई वाळायच्या आत बाहेर माझा रबर चालायचा.

घनसावंत मॅडम रुजू झाल्या पोळ्याच्या करीला.
हार टेबलावर ठेवला, भाषण नाही,
"मुक्कामी गाडी किती वाजता सुटते?"
आणि साडेसहाला पिशवी घेऊन दुधाट्याच्या गाडीत.
मस्केबाईंकडून तिकीट फाडून.

सकाळी नऊला उतरल्या.
गालावर डासांचे फोड, साडीला ग्रीस.
"लोखंडे, तिथल्या हापशाला पाणी नाही.
मस्केबाई संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत,
रात्री अंधारात जावं लागू नये म्हणून.
तुम्हाला ठाऊक होतं?"

ठाऊक होतं.
मी म्हणालो, "वर कळवलं होतं, मॅडम."
"वर म्हणजे मी. आणि खाली म्हणजेही मीच,
काल रात्री."

त्या दिवसापासून यादी पेनानं, आठवडाभर आधी, भिंतीवर.
कँटीनची बिस्किटाची बरणी धुऊन
तिच्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या.
हनीफचाचा डोळे मिटून काढतो,
मिटत नाही असं घुगे म्हणतो.
शटलवाल्या चौघांनी विभागाला अर्ज दिला,
मजकूर मीच सांगितला होता, हेही लिहून ठेवतो.
पाटी रंगवायला काढली, ती परत आली नाही.
हापशाला अजून पाणी नाही. तीन पत्रं गेलीत.
मस्केबाईंना मात्र शाळेच्या खोलीची किल्ली मिळालीय,
मॅडम स्वतः मागायला गेल्या, दोन खेपा.

मग बरणीत एक चिठ्ठी माझी पडली.
मी हसलो. कुणीच हसलं नाही.

पिंपळतांडा. रात्रीचे दहा.
मी बोनेटवर, दुधाटे मागच्या लांब सीटवर.
वाटलं, आता बोलेल. सात वर्षांचं बोलेल.
बऱ्याच वेळानं आवाज आला,
"सायेब, आता ऊब लागंल, पण फसू नका.
तीनला लोखंड गार पडतंय.
खाली पोतं आहे, ते घ्या."

घेतलं.
खिशातलं काहीतरी छातीला टोचत होतं.
कूस बदलली, तरी टोचत होतं.
तीन वाजता खरंच गार पडलं.