छर्रा

मार्गशीर्षात तांबडं फुटायच्या आधी
सर्जेराव घार्गे ठासणीची बंदूक घेऊन
येरळवाडीच्या तलावाकडं निघायचे.
मागं मी, पिशवी, आणि त्यांच्या खोकल्याची बाटली.

पाणकणसांत बसायचं. शिंकायचं नाही.
थापट्या बदकं चिखल गाळत असायची चाळणीगत.
चक्रवाकांची जोडी मात्र
टप्प्याच्या हातभर पलीकडं, मोजून बसल्यागत.

बार झाला की अख्खं पाणी उठायचं.
"जा रं, यसबा."
मी छातीभर गारठ्यात.
जखमी बदक बुडी मारतं, तळाचं शेवाळ चोचीत धरून राहतं,
हे घार्ग्यांनी सांगितलेलं.
मला ते हाताला कळायचं.

एका रात्री रश्शात आईच्या दाताखाली छर्रा आला,
दाढेचा टवका उडाला.
तिनं तो धुऊन हळदीच्या डबीत टाकला.
का, कुणास ठाऊक.

बंदूक दर निवडणुकीला वडूजच्या ठाण्यात जमा व्हायची;
एका साली आणायला कुणी गेलंच नाही.

आता शाळेची पोरं बांधावर दुर्बीण लावतात.
आजोबा, हे कुठलं? ते कुठलं?
मी नावं सांगतो.
परवा एकीनं विचारलं,
जवळनं बघितलंय का कधी?

हो म्हणालो.
पाणी लई गार असायचं, म्हणालो.