पुलाखालचं पाणी

पुलाखाली, जिथे गटार म्टक्वारीला मिळतं,
तिथलंच पाणी हवं असतं आम्हांला.
त्सियाला वाकते, दोरीने बाटली सोडते.
गळ टाकून बसलेला म्हातारा दरवेळी विचारतो,
"हे पिणार कोण?"
आज ती म्हणाली, "बाद्री."

बाद्री वेल्डर, रुस्तावीचा.
अकरा महिने पायाची जखम ओली.
औषधं संपली. म्हणजे कपाटात होती,
जंतूंनी ऐकणं सोडलं होतं.

तबकडीवर त्याच्याच पायातले जंतू
सायीसारखे धरलेत.
त्यावर नदीचा गाळलेला एक थेंब.
मग झाकण, आणि रात्र.

वीज नव्हती त्या हिवाळ्यांत
त्सियालाने विषाणूंच्या कुप्या घरी नेल्या,
खिडकीबाहेर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या.
नवऱ्याला म्हणाली, हात लावू नकोस, जिवंत आहेत.
जिवंत?
आता तिलाही नक्की सांगता येत नाही.
वरच्या मजल्यावरचं नवं यंत्र
त्यांची अक्षरन् अक्षरं वाचतं,
एवढ्याच प्रश्नाला गप्प.

सकाळी ती तबकडी उजेडात धरते.
सायीला भोकं!
टाचणीएवढी, काही मसुरीएवढी,
कसर लागलेल्या लोकरीसारखी.
एरवी भोक दिसलं की माणूस सुई शोधतो,
आम्ही मोजतो. एकोणीस. वीस.
तिची बोटं थरथरतात म्हणून आकडा मी लिहिते.

दुपारी बाद्रीचा फोन:
द्राक्षं उतरवायच्या आधी बूट घालता येईल का?
"बघू," त्सियाला म्हणते,
आणि बाटली घासायला घेते,
उद्याच्या घाणीसाठी
स्वच्छ.