सात आडवा, चार अक्षरी

लाईट सकाळपासून गेलेली. झेरॉक्सचं मशीन
थंड, त्याच्यावर मांजर.
हरभट रोडच्या आतल्या या बोळात
माझं दुकान आणि नदाफ मास्तरांचं
नऊ फुटांवर, समोरासमोर.
त्यांचं मशीन पायाचं, त्याला लाईटशी देणंघेणं नाही.
पेपर मात्र दोघांत एक.
आतली पानं त्यांची, कोडं माझं,
आणि सूत्रं मी मोठ्यानं वाचायची
हा गेल्या पुरानंतरचा करार.
(दोघांच्याही भिंतीवर ती तपकिरी आडवी रेघ आहे अजून.
रकाने नसलेली. तिचं सूत्र कुणी विचारत नाही.)

"दृष्ट लागू नये म्हणून लावतात. चार अक्षरं."
"गालबोट," टाचण्यांच्या फटीतून मास्तर.
"लोखंड घासायचं हत्यार. तीन."
"कानस. चुलत्याच्या गॅरेजात हाय."
"मागे उभं राहून दिलेला आधार. पाच."
हे माझं मी भरलं : पाठराखण.
मग छातीठोक. तेही सरळ.
उभ्यातली वेलांटी आडव्यात जमते का
एवढं बघून घेतलं, कारण हा कोडंवाला
ऱ्हस्व-दीर्घाचा पक्का,
चुकीच्या वळणाला माफी नाही.

सात आडवा. "मोठ्यांपुढे घालतात." चार.
सोपं. नमस्कार.
पेननं लिहिलं. मी पेननंच लिहिते, खोड आहे.

आणि तिथंच रुतलं.
शेवटच्या र मधून जाणारा पाच उभा,
"विणकराच्या घरातला खटखट्या",
वरून वाचला तर हा, मग र,
खाली दोन पांढरी घरं.
हारका? हारमा?
पुन्हा वाचलं. हार.
पानभर तेवढंच दिसायला लागलं.

"बघू," म्हणून मास्तर बोळ ओलांडून आले,
अनवाणी, गळ्यात टेप.
सूत्रं त्यांनी वाचलीच नाहीत.
कापड उजेडात धरतात तसा कागद धरला
आणि एकेक टाचणी तोंडातून काढून
कॉलरला टोचली.
"ताई, ही तर मापाची वही हाय."
कुठली वही?
"गाल बगा. कान. पाठ. ही छाती.
आता नमस्काराचं माप कुठनं घ्यायचं, सांगा?
नमस्काराला घेर नसतोय."
मग स्वतःच्या कोपराच्या वर चापट मारली.
"दंड."

दंडवत.
र खोडला, त केला. कागद जरा फाटला.
हारचा हात झाला
आणि हातामागून माग आला.

उरला मधोमध एक, चार घरांचा :
"कामाच्या वेळी मागे सरतो तो."
आम्ही दोघं एकदमच म्हणालो
आणि एकदमच गप्प झालो.
अंगचोर.

सकाळपासून माझ्या नाकासमोर
एकेक शब्द अंग चोरून बसला होता,
आणि बनवणाऱ्यानं बरोब्बर मध्यावर
ते लिहूनही ठेवलं होतं.
मास्तर इतके हसले की मांजर उठलं.

खाली मुंगीएवढ्या टायपात : रचना, म. गो. शेंडुरे.
कोण असतील? तासगावचे, कुपवाडचे?
पेन्शनीतले? की माझ्यासारखे
गिऱ्हाइकाची वाट बघणारे?
अंगचोर सुचला त्या रात्री
कुणाला उठवून सांगितलं असेल?
की सांगता येत नाही म्हणून
नुसतंच पाणी पिऊन झोपले?
आमचं हसू तासगावपर्यंत जात नाही.
कोड्याचं हे एक वाईट आहे.

दोनला लाईट आली. आधारकार्ड, दोन्ही बाजू, घेऊन
एक पोरगा उभा. त्याला म्हटलं, थांब,
आणि आधी कोड्याची एक कॉपी काढली.
नमस्कारावरची खोडाखोडही आली तिच्यात.

मास्तरांनी ती वहीत डकवली,
लग्नाच्या सफारीच्या आणि शाळेच्या गणवेशाच्या मधे.
"नाव काय घालू?"
शेंडुरे.
त्यांनी लिहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवून
बराच वेळ बघत राहिले.
"कंबर न्हाई दिली ह्यांनी," म्हणाले.
"उंची बी न्हाई.
उद्याच्या अंकात येती का बगा."