सहावी वायर

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दुकानाच्या माळ्यावर इम्तियाजनं
जुनं प्लेस्टेशन पालथं घालून उघडलंय.
चिपच्या पाच वायरी बसल्या.
सहावीची जागा तिळाएवढीही नाही,
आणि हात थरथरतोय मघापासून.

अब्बा जिना चढून आले,
भोपळ्याची धूळ कोपरापर्यंत.
कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.
"सरक तिकडं. तेरा तरफा ओढतो मी रोज,
ही एक काय."

श्वास धरला. राळेचा धूर.
टिपका.

मार्करनं नाव लिहिलेली डिस्क
फिरली, अडखळली,
फिरली —
आणि टीव्हीतून तो सुरुवातीचा घुमार.

इम्तियाज ओरडलाच.
अब्बा मान तिरकी करून ऐकत राहिले.
"खर्ज बरा आहे.
वरचा जरा उतरलाय.
खुंटी कुठाय ह्याची?"